वार्षिक उत्पन्न किती? एका रकान्याची धास्ती आणि खरे दुखणे



मी नोकरीने कारकून. आठवड्याचे सहा दिवस कचेरीतले फॉर्म तपासतो आणि रविवारी वस्तीतल्या लोकांचे फॉर्म भरून देतो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांची शिष्यवृत्ती, विधवा भगिनींची पेन्शन असे कितीतरी अर्ज या हातांनी लिहिले. पण २०१८ च्या फेब्रुवारीत माझ्या भाच्याने माझ्यापुढे एक छोटेसे कार्ड ठेवले आणि मीही क्षणभर अडखळलो.

भाचा आय.टी.आय. झालेला फिटर. थायलंडमध्ये बँकॉकला लागून असलेल्या समुत प्राकान प्रांतात एका कारखान्यात तो दीड वर्ष नोकरीला होता. महिन्याच्या रजेवर अंबरनाथला घरी आला होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघायचा होता. या वेळी आईलाही पंधरा दिवसांसाठी सोबत नेणार होता. माझी ताई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती. शेजारणी निरोप घेऊन गेल्या, बॅगा बांधून झाल्या, आणि मग भाच्याने खिशातून दोन कोरी कार्डे काढली. मागच्या प्रवासात विमानात वाटलेली, त्याने जपून ठेवलेली.

"मामा, पुढची बाजू मला येते. मागे हा शेवटचा प्रश्न आहे ना, तो दर वेळी मी कोरा सोडतो. एकदा काउंटरवरच्या बाईने भरून आणायला परत पाठवले होते. इथे काय लिहायचे?"

प्रश्न होता, वार्षिक उत्पन्न किती.

मी काही बोलण्याआधीच घरात तीन मते झाली होती. कारखान्यातल्या सोबत्यांनी भाच्याला सांगितले होते, कमीत कमी दाखव, नाहीतर कर लागेल. तिकीट काढून देणाऱ्या एजंटाचे म्हणणे, जास्तीत जास्त दाखव, म्हणजे गरीब समजून अडवणार नाहीत. आणि ताई म्हणाली, "आपली मिळकत परक्या माणसाला कशाला सांगायची? कोरेच ठेव."

हे तिन्ही सल्ले कसे चुकीचे होते आणि खरे दुखणे तिसऱ्याच कागदावर कसे दडले होते, ते सांगण्यासाठी हा लेख.

काय होते ते कार्ड?

थायलंडमध्ये शिरणाऱ्या परदेशी माणसाला हे कार्ड भरावे लागे. त्याला टी.एम.६ म्हणत. त्या देशाचा इमिग्रेशन कायदा १९७९ सालचा आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाने ठरवून दिलेल्या नमुन्यात माहिती द्यायची असते. कार्डाचे दोन भाग असत. एक येताना काउंटरवर जमा होई, दुसरा पासपोर्टला टाचून देत आणि परत जाताना घेत. पुढच्या बाजूला नाव, पासपोर्ट क्रमांक, विमान, व्हिसा क्रमांक, व्यवसाय, राहण्याचा पत्ता. मागच्या बाजूला खुणा करायचे प्रश्न. पहिल्यांदाच आलात का? सहलीबरोबर आलात का? कुठे उतरणार? कशासाठी आलात? आणि शेवटी, वार्षिक उत्पन्न.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये हे कार्ड नव्या रूपात आले. थाई नागरिकांना त्यातून सूट मिळाली, परदेशी लोकांना मात्र ते राहिले. त्यात उत्पन्नाचे चार चौकोन होते. २०,००० अमेरिकन डॉलरपेक्षा कमी, २०,००१ ते ६०,०००, त्याहून जास्त, आणि उत्पन्न नाही.

आकडा लिहायचा नव्हता, एका चौकोनात खूण करायची होती. पुरावा जोडायचा नव्हता. मागची बाजू पर्यटनाच्या आकडेवारीसाठी होती. कोणत्या देशाचे, कोणत्या ऐपतीचे लोक येतात, किती जण पहिल्यांदा येतात, याचा अंदाज सरकारला हवा असतो. थायलंडची मोठी कमाई पर्यटकांवर चालते, तेव्हा त्यात नवल काही नाही.

धास्ती सगळ्यांनाच

आपल्याला वाटते, अशा कागदांना आपल्यासारखे गरीबच घाबरतात. तसे नाही. थायलंडमध्ये इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनीचे हजारो लोक कायम राहतात. बरेचसे निवृत्त झालेले. त्यांनाही या चौकोनाने कोड्यात पाडले होते.

निवृत्त माणसाला प्रश्न पडे, पेन्शन म्हणजे उत्पन्न धरायचे का? नोकरी तर नाही. मग उत्पन्न नाही यावर खूण करावी, तर निष्कांचन समजून परत पाठवतील. कारण पन्नाशीच्या पुढे निवृत्त म्हणून तिथे वर्षभर राहायचे, तर महिना ६५,००० बाट उत्पन्न किंवा बँकेत ८,००,००० बाट ठेव दाखवावी लागते. एकीकडे उत्पन्न दाखवून राहण्याची मुदतवाढ घ्यायची आणि दुसरीकडे कार्डावर उत्पन्न नाही म्हणायचे, हे कसे जमायचे? २०१८ च्या अखेरीपासून ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलियाच्या वकिलातींनी आपल्या नागरिकांना उत्पन्नाचे पत्र देणे बंद केले, तेव्हा ही घालमेल आणखी वाढली.

ज्याची बायको थाई आहे त्याची अट वेगळी, महिना ४०,००० बाट किंवा बँकेत ४,००,०००. जो पर्यटक म्हणून येऊन खोलीत बसून दुसऱ्या देशातल्या कंपनीचे काम करी, त्याची भीती आणखी वेगळी. उत्पन्न लिहावे तर विचारतील, काम करण्याचा परवाना कुठे आहे? आणि सर्वांची समान भीती एकच, हे कार्ड कर खात्याकडे जात असेल का?

आपल्या लोकांच्या भीतीला मात्र आणखी एक मूळ आहे. उत्पन्न हा शब्द आपण तहसीलच्या खिडकीवर शिकलो. पिवळ्या रेशनकार्डाला वर्षाला १५,००० ची मर्यादा, केशरी कार्डाला एक लाखाची. मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीला अडीच लाखांची. भाचा आय.टी.आय.ला असताना दाखल्यावर एक आकडा चुकीचा पडला आणि त्याची शिष्यवृत्ती वर्षभर अडकली. ताईने तेव्हा किती हेलपाटे घातले ते मी पाहिले आहे. ज्या घरात एका आकड्याने मुलाचे वर्ष पणाला लागते, त्या घराने परक्या देशाच्या कार्डावरचा आकडा पाहून दचकावे, यात लाजण्यासारखे काय आहे? पण दचकणे वेगळे आणि न समजून खोटे लिहिणे वेगळे.

चार खिडक्या, चार प्रश्न

कचेरीत वीस वर्षे काढल्यावर मला एक गोष्ट कळली आहे. कागद समोर आला की आधी विचारावे, हा कुठल्या खिडकीचा? पैशाबद्दल विचारणाऱ्या खिडक्या प्रवासात चार असतात आणि आपण त्या चारही एकात मिसळतो.

पहिली खिडकी आकडेवारीची. कार्डावरचा चौकोन तो हाच. तिला तुमचा गट हवा, तुमची पासबुके नकोत.

दुसरी खिडकी इमिग्रेशनची. तिचा प्रश्न वर्षाला किती कमावता हा नाही. इथे राहीपर्यंत पोट भरण्याची सोय आहे का, हा आहे. थायलंडच्या त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जगण्याचे साधन नसलेल्याला प्रवेश नाकारता येतो. विमानतळावर व्हिसा घेणाऱ्याने माणशी १०,००० बाट किंवा कुटुंबामागे २०,००० बाट जवळ असल्याचे मागितल्यावर दाखवायचे असते. पर्यटक व्हिसावर येणाऱ्याला ही रक्कम दुप्पट आहे. म्हणजे एजंट सांगतो तसा मोठा चौकोन भरून इथे काही साधत नाही. चौकोन साठ हजार डॉलरचा आणि खिशात दोनशे, तर अधिकारी खिशाकडे पाहील.

तिसरी खिडकी कस्टमची. तिला तुमची कमाई नको, हातातली रोकड हवी. परदेशातून भारतात येताना नोटांच्या रूपात ५,००० डॉलरपेक्षा जास्त, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त परकी चलन असेल तर ते जाहीर करावे लागते. भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंत आणता-नेता येते. चार सोबत्यांचा पगार एकाच्या बॅगेत घालून पाठवण्याची सवय आपल्या पोरांमध्ये आहे. त्यात धोका असतो तो या खिडकीवर. जाहीर करणे हा गुन्हा नाही, लपवणे हा आहे.

चौथी खिडकी कर खात्याची. ती विमानतळावर नसतेच. थायलंडमध्ये एका वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहिलेला माणूस करासाठी तिथला रहिवासी ठरतो. नोकरदाराचा कर मालकाने दरमहा कापून भरायचा, वर्षाअखेर ५० तवी नावाचे प्रमाणपत्र कामगाराला द्यायचे आणि कामगाराने मार्चअखेर पी.एन.डी. ९१ हा फॉर्म भरायचा. हा आकडा मालकाच्या कागदावरून ठरतो. विमानात पेनाने केलेल्या खुणेवरून नाही. आणि इकडे, परदेशी नोकरीसाठी गेलेला आणि आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिलेला कामगार सर्वसाधारणपणे अनिवासी धरला जातो. त्याने तिथे कमावलेल्या पगारावर इथे कर नसतो.

रात्री बारा वाजता केलेला हिशेब

बी.कॉम.चा थोडा उपयोग झाला. भाच्याला विचारले, हातात किती येतात? म्हणाला, महिना ४२,००० बाट. बारा महिन्यांचे झाले ५,०४,०००. डॉलरला तेव्हा साधारण ३२ बाट पडत. म्हणजे सुमारे १५,७०० डॉलर. चौकोन पहिला, २०,००० पेक्षा कमी.

"बघ, ज्याच्यासाठी तुझी झोप उडाली, तो चौकोन तुला आपोआप मिळतो. कमी लिहायची गरज नाही, जास्त लिहायचीही नाही."

वाचकहो, रुपयात पाहा. डॉलर त्या वेळी ६५ रुपयांच्या आसपास होता. २०,००० डॉलर म्हणजे १३ लाख रुपये. आपल्यापैकी बहुतेक घरे त्या चौकोनात सुखाने मावत होती.

मग ताईचे कार्ड घेतले. ती म्हणाली, "माझं उत्पन्न नाही लिही. मी कुठं नोकरीला जाते?"

भाऊजी पालिकेत सफाई कामगार होते. ते गेल्यानंतर ताईला कौटुंबिक पेन्शन मिळते, तेव्हा ती महिना ११,५०० होती. शिवाय ती रोज पहाटे उठून आठ जणांचे पोळी-भाजीचे डबे करायची. खर्च वजा जाता त्यातून चार हजार सुटत. मी कागदावर बेरीज मांडली. महिना १५,५००, वर्षाला १,८६,००० रुपये. सुमारे २,८०० डॉलर.

ताईने तो आकडा दोनदा वाचायला लावला. "एवढे माझ्या नावाचे?" पंधरा वर्षे ती घर चालवत होती, मुलाला तिने शिकवले होते, पण स्वतःच्या कमाईची वर्षाची बेरीज तिने कधी पाहिली नव्हती. चौकोन तिचाही पहिलाच. ज्या भगिनींना खरोखर स्वतःची मिळकत नाही त्यांनी "उत्पन्न नाही" यावर खूण करण्यात कमीपणा नव्हता, तो चौकोन त्यांच्यासाठीच होता. पण राबून मिळवणाऱ्या बाईने स्वतःला शून्य लिहावे, हे मला पटले नाही. खूण तिने स्वतःच्या हाताने केली आणि सहीसुद्धा. कार्डाच्या जोडीला दहा हजार बाट तिच्या पर्समध्ये वेगळे ठेवले.

सुवर्णभूमी विमानतळावर काय झाले? भाच्याने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले. अधिकाऱ्याने पुढची बाजू पाहिली, शिक्का मारला, मागची बाजू उलटूनही पाहिली नाही.

खरे दुखणे तिसऱ्या कागदावर

इथे लेख संपला असता. पण ताई परत आली आणि दोन महिन्यांत भाच्याचा फोन आला. आवाज उतरलेला. राहण्याची मुदत वाढवून घ्यायला गेला, तर इमिग्रेशनने अर्ज अडवला होता.

झाले होते असे. हातात ४२,००० बाट येत होते, पण त्यातले २८,००० पगारपत्रकावर आणि १४,००० पाकिटातून रोख. मालकाने नोकरीवर घेतानाच सांगितले होते, यात तुझाच कर वाचतो. भाच्याला ते गोड वाटले. मलाही त्याने सांगितले नाही आणि त्या रात्री मीही फक्त हातात किती येतात एवढेच विचारले. पगारपत्रक मागितले नाही. ही माझी चूक.

थायलंडमध्ये परदेशी कामगाराला नोकरीच्या आधारावर वर्षाची मुदतवाढ हवी असेल, तर त्याच्या देशाप्रमाणे ठरलेला किमान पगार असावा लागतो. भारतीयासाठी तो महिना ३५,००० बाट होता. मालकाने इमिग्रेशनला दिलेल्या पत्रात पगार ४२,००० लिहिला होता. पहिल्या वर्षी ते खपून गेले. दुसऱ्या वर्षी अधिकाऱ्याने कर भरल्याची कागदपत्रे समोर ठेवली, त्यात पगार २८,०००. एकाच माणसाचे दोन पगार. शिवाय ३५,००० च्या खाली.

आता गंमत पाहा. गंमत कसली, शोकांतिका म्हणा. २८,००० च्या हिशेबाने वर्षाचे १०,५०० डॉलर होतात. ४२,००० च्या हिशेबाने १५,७००. दोन्ही त्याच पहिल्या चौकोनात! ज्या कार्डाला घाबरून पोरगा रात्र-रात्र जागला, त्या कार्डाला हा फरक दिसणारसुद्धा नव्हता. आणि ज्या पगारपत्रकावर तो दरमहा न वाचता सही करीत होता, त्यानेच त्याचा गळा धरला.

किती कर वाचला होता? मी हिशेब केला. पूर्ण पगार दाखवला असता तर त्या वेळच्या वजावटी जाऊन वर्षाचा कर सुमारे ११,००० बाट झाला असता. खोट्या पगारावर तो हजाराच्या आत होता. म्हणजे महिन्याला साडेआठशे बाटांची बचत आणि बदल्यात सारी नोकरी टांगणीला.

इमिग्रेशनने पासपोर्टवर विचाराधीन म्हणून तीस दिवसांचा शिक्का दिला. त्या तीस दिवसांत मालकाला मागचे कागद दुरुस्त करून राहिलेला कर भरावा लागला. थकलेल्या करावर दरमहा दीड टक्का जास्तीचा आकार पडतो, तोही भरला. नंतर ते सगळे भाच्याच्या पगारातून हप्त्याने कापून घेतले. अंबरनाथला ताई रोज रात्री फोनची वाट पाहत बसायची. तीस दिवसांनी वर्षाची मुदत मिळाली. पुढे तो २०२१ साली परत आला आणि आता तळोज्याला काम करतो. पण तिथून पुढे दर महिन्याला त्याने पगारपत्रकाचा फोटो मला पाठवला, एकही महिना चुकवला नाही.

आज काय स्थिती आहे?

ते कागदी कार्ड आता इतिहासजमा झाले. विमानाने येणाऱ्यांसाठी ते जुलै २०२२ पासून स्थगित झाले आणि १ मे २०२५ पासून त्याच्या जागी संगणकावर किंवा मोबाइलवर भरायचे डिजिटल कार्ड आले. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे असते. त्यात पासपोर्ट, व्यवसाय, राहता देश, विमान, उतरण्याचा पत्ता, अलीकडे कोणत्या देशांत जाऊन आलात, अशी माहिती द्यावी लागते. वार्षिक उत्पन्नाचा जुना चौकोन त्यात राहिलेला नाही. हे कार्ड विनामूल्य आहे. ते भरून देतो म्हणून फी घेणाऱ्या खोट्या साइट निघाल्या आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

चौकोन गेला, पण कर खात्याची खिडकी तिथे अधिक कडक झाली. परदेशातले उत्पन्न मिळाले त्याच वर्षी थायलंडमध्ये आणले तरच कर, असा पूर्वीचा अर्थ होता. १ जानेवारी २०२४ पासून मिळालेले परदेशी उत्पन्न रहिवाशाने पुढे कोणत्याही वर्षी आत आणले तरी ते करपात्र, असा बदल झाला. पेन्शनवर तिथे राहणारे परदेशी लोक आज काळजीत आहेत ते यामुळे. आणि ही काळजी खरी आहे, कारण ती योग्य खिडकीची आहे.

आपल्या देशातही फरक पडला. परत येणाऱ्या भारतीयांना आगमनाचे कार्ड २०१४ पासून भरावे लागत नाही आणि जाताना भरायचे कार्ड १ जुलै २०१७ पासून बंद झाले.

ज्यांची मुले बाहेर जाणार आहेत त्यांच्यासाठी

एक. फॉर्म स्वतः भरा किंवा आपल्यासमोर भरून घ्या. एजंटाने भरलेल्या फॉर्मवर सही तुमची असते, म्हणून जबाबदारीही तुमचीच. कोणता रकाना कळला नाही तर भाषा येणाऱ्या शेजाऱ्याला विचारा.

दोन. जिथे आकड्याबरोबर पुरावा मागतात तिथे एका रुपयाचीही फुगवाफुगव नको. इंग्लंडच्या व्हिसाच्या अर्जात उत्पन्न विचारतात आणि बँकेच्या कागदांशी ताडून पाहतात. फसवणूक ठरली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते.

तीन. पगार पूर्ण कागदावर घ्या. पाकिटातला पगार आजारपणात, भरपाईत, मुदतवाढीत कुठेही मोजला जात नाही. तुझाच कर वाचतो, असे मालक म्हणाला की समजावे, बचत त्याची आणि धोका आपला.

चार. थायलंडमध्ये नोकरी करणाऱ्याने रजेवर निघण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा परवाना काढलाच पाहिजे. एका खेपेचा १,००० बाट, अनेक खेपांचा ३,८००. तो न काढता देश सोडला तर राहण्याची मुदत तिथेच संपते. भाच्याचे सोबती उत्पन्नाच्या चौकोनावर तासभर वाद घालत, पण त्यांच्यातल्या एकाने हा परवाना काढला नव्हता. त्याला नव्याने व्हिसा काढावा लागला.

पाच. दहावी न झालेल्या मुलामुलींच्या पासपोर्टवर ई.सी.आर. शिक्का असतो. असा पासपोर्ट असणाऱ्याने नोकरीसाठी ज्या देशांत जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी घ्यायची, त्या यादीत आखाती देशांबरोबर थायलंडचेही नाव आहे. एजंट सांगतो, फॉर्मवर पर्यटन लिही, तिथे गेल्यावर नोकरीचे बघू. हे वाक्य ऐकले की पासपोर्ट मागे घ्यावा. अशाच मार्गाने नेलेली अनेक भारतीय मुले थायलंडच्या सीमेपलीकडे म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमाने माय सोत येथे पाठवून पाचशेहून अधिक भारतीयांना सोडवून आणावे लागले. एका खोट्या खुणेची किंमत कुठपर्यंत जाते ते यावरून कळावे.

सांगायचे तात्पर्य इतकेच की, उत्पन्न विचारणारा प्रत्येक कागद आपला शत्रू नसतो आणि न विचारणारा प्रत्येक कागद मित्रही नसतो. कोण विचारतो, कशासाठी विचारतो आणि त्याचा मेळ दुसऱ्या कोणत्या कागदाशी घातला जाणार, हे तीन प्रश्न आधी आपण विचारावेत. मग लिहावे ते खरे लिहावे.

ताईच्या घरी भिंतीवर कॅलेंडर आहे. त्या रात्रीनंतर ती दर महिन्याच्या पानावर मागे दोन आकडे लिहिते, पेन्शनचा आणि डब्यांचा, आणि डिसेंबरच्या पानावर बेरीज करते. मी विचारले, आता ते कार्डही नाही, रकानाही नाही, मग हे कशाला? ताई म्हणाली, "कुणी विचारू दे, न विचारू दे. आपल्याला माहीत नको?"